बायबलमधलं खमीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी बायबल अभ्यास असतो. गेली काही वर्षं तो मी घेते. खमिराचा विषय निघाला की तास हमखास लांबतो, कारण कुणीतरी म्हणतं, "खमीर म्हणजे पाप," आणि लगेच दुसरं कुणी विचारतं, "मग स्वर्गाचं राज्य खमिरासारखं कसं?" त्या तासांमध्ये पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि मला सापडलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

खमीर म्हणजे यीस्टच का? दुकानात पुडी मिळते तीच?

परिणाम तोच, पण वस्तू वेगळी. पुडीतलं यीस्ट ही अलीकडची सोय आहे. पीठ फुगतं ते सूक्ष्म जिवांमुळे, हे लुई पाश्चर यांच्या संशोधनानंतर, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, नीट कळलं. बायबलच्या काळातल्या बाईजवळ पुडी नव्हती. तिच्याजवळ कालच्या मळलेल्या पिठातून काढून ठेवलेला एक आंबट गोळा असायचा. आज नवं पीठ मळताना तो त्यात कालवायचा, पीठ झाकून ठेवायचं, आणि ते फुगून आलं की भाजण्याआधी त्यातूनच उद्यासाठी पुन्हा एक गोळा काढून ठेवायचा. या गोळ्याला हिब्रूत सओर म्हणतात. फुगलेल्या पदार्थाला हामेत्स आणि बेखमीर भाकरीला मत्सा. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये खमिरासाठी झुमे हा शब्द आहे.

आपल्याला हे समजायला अवघड नाही, कारण विरजण असंच चालतं. कालच्या दह्याचा एक चमचा आजच्या दुधात, आजच्या दह्याचा एक चमचा उद्याच्या. माझ्या आईचं विरजण कुठून आलं होतं हे तिलाही सांगता यायचं नाही; ते सासूबाईंकडून आलं होतं आणि त्यांच्याकडे आणखी कुणाकडून. खमिराची परंपरा तशीच घरातून घरात, पिढीतून पिढीत चालायची. हे मनात पक्कं ठेवा, कारण "जुनं खमीर" हा शब्द पुढे येणार आहे आणि तो या साखळीशिवाय कळत नाही.

"खमीर" हा शब्द मराठीत आला कुठून?

अरबीतून फारसीमार्गे. पण मला यातली खरी गोडी पुढे वाटते. येशू ज्या भाषेत बोलत असे त्या अरामीत खमिराला हमीरा म्हणतात. अरबी खमीर आणि अरामी हमीरा ही एकाच मुळाची भावंडं. आजही यहुदी लोक वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, आधी घरातलं खमीर त्यागताना जे वाक्य म्हणतात ते अरामीच आहे आणि त्याची सुरुवात "कोल हमीरा", म्हणजे "सगळं खमीर", अशी आहे. मराठी बायबल मोठ्याने वाचताना आपण हा शब्द उच्चारतो तेव्हा गालीलातल्या स्वयंपाकघरातल्या शब्दाच्या आपण फार जवळ असतो.

आपली भाकरी तर रोजच बेखमीर असते. मग बेखमीर भाकरीचं इतकं कौतुक कशाला?

हा प्रश्न माझा सगळ्यात आवडता आहे, कारण तो फक्त आपल्याकडची बाईच विचारू शकते. ज्वारी-बाजरीच्या पिठात ग्लुटेन नसतं. गव्हात असतं. पाणी घालून मळल्यावर ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते आणि आंबताना निघणारा वायू त्या जाळीत अडकतो, म्हणून गव्हाचं पीठ फुगतं. जवात हा गुण कमी आणि ज्वारीत नाहीच. ज्वारीचं पीठ आंबलं तर आंबील होईल, पाव होणार नाही. त्यामुळे आपल्या घरी भाकरी बेखमीर असणं ही नोंद घेण्यासारखी गोष्टच नाही.

इस्राएली घरात नेमकं उलट होतं. रोजची भाकर खमीर घातलेली. बेखमीर भाकर व्हायची ती घाईच्या वेळी. उत्पत्ती १९ मध्ये लोटाकडे संध्याकाळी अचानक पाहुणे येतात आणि तो त्यांच्यासाठी बेखमीर भाकरी भाजतो. १ शमुवेल २८ मध्ये एन-दोर इथली बाई थकलेल्या शौल राजासाठी पीठ मळून तशाच भाजते. पीठ फुगायची वाट बघायला वेळच नव्हता.

आपल्या अनुवादकांनी "भाकर" हा शब्द निवडला आणि त्याने फार चांगलं काम केलं. प्रभूच्या प्रार्थनेत आपण "रोजची भाकर" मागतो तेव्हा पोटातून मागतो. तिथे पोर्तुगिजांकडून आलेला "पाव" हा शब्द बसला नसता. पण खमिराचे उतारे वाचताना मराठी वाचकाने मनात एकदा अदलाबदल करून घ्यावी: त्यांची रोजची भाकर फुगलेली, आणि सपाट भाकर वेगळ्या दिवसाची.

वल्हांडणाला खमीर का वर्ज्य केलं?

सहसा दिलं जाणारं उत्तर घाईचं आहे, आणि ते बरोबर आहे. निर्गम १२:३९ मध्ये स्पष्ट म्हटलंय की मिसर देशातून, म्हणजे इजिप्तमधून, इस्राएली लोकांना इतक्या तातडीने बाहेर काढलं गेलं की पीठ फुगायला वेळ मिळाला नाही. आधीच्या ३४ व्या वचनात तर लोक पीठ मळायच्या काथवटींसकट, कपड्यात बांधून, खांद्यावर घेऊन निघतात. अनुवाद या पुस्तकातलं १६:३ हे वचन या भाकरीला दुःखाची भाकर म्हणतं. गुलामीची आठवण आणि सुटकेची घाई, दोन्ही एकाच घासात.

पण तेवढंच नाही. घाई होण्याच्या आधीच, १२:१५ मध्ये, देवाने आज्ञा दिलेली आहे की सात दिवस बेखमीर खा आणि पहिल्याच दिवशी घरातून खमीर काढून टाका. पहिल्या महिन्याच्या १४ व्या दिवसाच्या संध्याकाळपासून २१ व्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत घरात खमीर सापडता कामा नये. इथे विरजणाची साखळी आठवा. वर्षभर चालत आलेला तो आंबट गोळा टाकून द्यायचा म्हणजे साखळी मुद्दाम तोडायची. मिसरातल्या घरात सुरू झालेलं काहीही पुढच्या वाटेवर सोबत न्यायचं नाही. सात दिवसांनंतर नव्या पिठात नवं खमीर पहिल्यापासून धरायचं. मला वाटतं, घाई ही त्या रात्रीची हकीगत होती आणि साखळी तोडणं हा त्या सणाचा अर्थ होता.

यहुदी परंपरेत हा नियम पुढे फार काटेकोर झाला. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत मत्सा भाजायला जायलाच हवी, आणि तोवर पीठ नुसतं पडून राहू द्यायचं नाही. सणाच्या आदल्या रात्री दिवा घेऊन घरातले कोनेकोपरे शोधायचे.

याचा आपल्या मातीशीही एक धागा आहे. कोकणातले बेने इस्राएल, मराठी बोलणारे आपले यहुदी शेजारी, वल्हांडणाला पूर्वी "अनाशी ढाकाचा सण" म्हणत. अनाशी म्हणजे आंबट पातळ पदार्थ ठेवायचं भांडं. ते झाकून ठेवायचा सण. मोठ्या यहुदी समाजांपासून कित्येक शतकं दूर राहूनही घरातलं आंबट झाकायचं, एवढं त्यांच्या हातांना आठवत राहिलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ ते पान उलटलं नव्हतं.

मग खमीर म्हणजे पापच ना?

नाही. म्हणजे, कधी कधी हो, पण नेहमी नाही. मंडळ्यांमध्ये याबाबत फार घाईने बोललं जातं म्हणून जरा सावकाश सांगते.

पापाच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. लेवीय २:११ सांगतं की परमेश्वरासाठी अग्नीत अर्पण करायच्या कुठल्याही अन्नार्पणात खमीर नको. प्रेषित पौल त्याला वाईटपणा आणि दुष्टपणाशी जोडतो. यहुदी गुरूंच्या लिखाणातही माणसाच्या वाईट प्रवृत्तीला "पिठातलं खमीर" म्हटलेलं सापडतं. रोमी लोकांतही ज्युपिटरच्या मुख्य पुजाऱ्याला खमिराला हात लावायची मनाई होती. खमीर स्वतः नासण्यातून जन्मतं आणि ज्यात मिसळेल तेही नासवतं, असा त्यांचा विचार. म्हणजे जुन्या जगात ही प्रतिमा सगळीकडे ओळखीची होती.

पण त्याच लेवीय २:११ मध्ये खमिराबरोबर मधालाही मनाई आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. मध पापाचं चिन्ह आहे असं कुणी म्हणतं का? देवाने दिलेल्या देशाची तर ओळखच दूध आणि मध अशी आहे. म्हणजे वेदीवर नको याचा अर्थ वाईट, असा सरळ हिशोब लागत नाही. शिवाय लेवीय ७:१३ मध्ये उपकारस्तुतीच्या अर्पणासोबत खमीर घातलेल्या भाकरी आणायला सांगितल्या आहेत. आणि लेवीय २३:१७ मध्ये सप्ताहांच्या सणाला, ज्याला आपण पन्नासावा दिवस म्हणतो, लोकांनी आपल्या वस्तीतून दोन भाकरी आणायच्या, त्याही खमीर घालून भाजलेल्या, आणि त्या परमेश्वराला प्रथमफळ म्हणून. त्या अग्नीत जाळायच्या नव्हत्या, त्यामुळे आधीच्या नियमाशी त्यांचा विरोध नाही. पण देवासमोर खमीर आलं, देवाने आणायला सांगून आलं, हे नाकारता येत नाही. खमीर म्हणजे निव्वळ पाप असतं तर हंगामाच्या आनंदात ते देवापुढे कसं ठेवलं असतं?

आपली भाषा हे सहज समजून घेते. "सगळ्या आनंदावर विरजण पडलं" असं आपण म्हणतो. म्हणून दही वाईट ठरतं का? रात्री त्याच विरजणाचा चमचा दुधात घालून आपण निश्चिंत झोपतो. थोडंसं टाकलेलं काहीतरी सगळ्याचा कायापालट करतं, एवढाच त्या शब्दाचा गाभा. तो कायापालट हवासा की नकोसा, हे टाकणारं कोण आणि टाकलं कशात यावर ठरतं. पवित्र शास्त्रात सिंहाचंही तसंच आहे: १ पेत्र ५:८ मध्ये सैतान गर्जणारा सिंह आहे आणि प्रकटीकरण ५:५ मध्ये ख्रिस्त यहूदा वंशाचा सिंह.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच सवय लावते. खमीर हा शब्द आला की आधी विचारायचं, कुणाचं खमीर? परूश्यांचं, हेरोदाचं, जुन्या आयुष्याचं, की राज्याचं?

मत्तय १३:३३ मधला दाखला नेमका काय सांगतो?

दाखला, म्हणजे येशूने शिकवण्यासाठी दिलेलं उदाहरण, एका वाक्याचा आहे. स्वर्गाचं राज्य खमिरासारखं आहे. ते एका बाईने घेऊन तीन मापं पिठात लपवलं आणि शेवटी सगळं पीठ फुगून आलं. लूक १३:२०-२१ मध्येही हाच आहे. इतक्या लहान वाक्यात तीन गोष्टी आपल्या नजरेतून सुटतात.

पहिली गोष्ट पिठाची. तीन मापं म्हणजे किती? एक माप सुमारे १२ ते १३ लिटरचं, म्हणजे सगळं मिळून ३६ लिटरच्या वर, वजनात वीस किलोच्या पुढे. काथवटीत मावणारं हे पीठ नव्हे. शंभरावर माणसं जेवतील एवढ्या भाकरी त्यातून होतील. गालीलात ऐकणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं असेल: अगं, ही कुणाच्या लग्नाला करतेय? शिवाय तो आकडा त्यांच्या ओळखीचा होता. उत्पत्ती १८:६ मध्ये अब्राहाम आपल्या तंबूपाशी आलेल्या तीन पाहुण्यांसाठी साराला म्हणतो, लवकर तीन मापं सपीठ मळ. तीन मापं म्हणजे एक एफा, आणि शास्ते ६:१९ मध्ये गिदोन देवदूतासाठी एक एफा पिठाच्याच भाकरी करतो, हन्ना शमुवेलाला शिलोच्या मंदिरात नेते तेव्हा तिच्याबरोबरही एक एफा पीठ असतं. देव दारात आला की इतकं पीठ मळलं जातं. येशूच्या श्रोत्यांच्या कानांवर हे आकडे लहानपणापासून पडलेले होते.

दुसरी गोष्ट "लपवलं" या शब्दाची. खमीर पिठात मिसळतात, कालवतात. लपवत कुणी नाही. ग्रीकमध्ये मात्र लपवण्याचंच क्रियापद आहे. मिसळल्यावर ते दिसत नाही, शोधून बाहेर काढता येत नाही, आणि तरी काम चालू असतं. त्या वेळी येशूभोवती काय होतं? थोडे मासेमार, एक जकातदार, काही बायका. रोमी सुभेदाराला खबरही नव्हती. त्या दिसण्यावरून राज्याचा अंदाज करू नका, असं तो सांगतोय.

तिसरी गोष्ट ती बाई. आधीचा मोहरीच्या दाण्याचा दाखला शेत पेरणाऱ्या माणसाचा, हा स्वयंपाक करणाऱ्या बाईचा. येशूने देवाचं काम दाखवायला चूल आणि काथवट निवडली. पिढ्यान्पिढ्या पीठ मळत आलेल्या आपल्या आया-आज्यांना हे कुणी नीट सांगितलं होतं का, असं मला राहून राहून वाटतं. त्यांच्या हातातलं रोजचं काम देवाच्या राज्याचं चित्र आहे.

पण काही जण म्हणतात की या दाखल्यातलंही खमीर वाईटच, म्हणजे मंडळीत शिरलेली खोटी शिकवण. ते बरोबर आहे का?

ही शिकवण विसाव्या शतकात इंग्रजी टिपणांच्या बायबलांमधून आपल्याकडेही पोचली आणि अनेक प्रामाणिक पाळक ती सांगतात. त्यांचं म्हणणं असं की पवित्र शास्त्र खमिराचा अर्थ कुठेही बदलत नाही, म्हणून इथेही वाईटच.

मला ते पटत नाही. अर्थ बदलतो हे लेवीयातच दिसलं. शिवाय येशू "राज्यात खमीर शिरेल" असं म्हणत नाही, "राज्य खमिरासारखं आहे" असं म्हणतो. आणि त्याच्याआधी लागूनच मोहरीचा दाखला आहे, लहानातून मोठं होण्याचाच. वाईट शिरण्याविषयी येशूला बोलायचं होतं तेव्हा त्याने त्याच अध्यायात निदणाचा, म्हणजे गव्हात पेरलेल्या तणाचा, दाखला दिला, आणि तिथे शत्रूने पेरलं असं स्वच्छ सांगितलं. इथे शत्रू नाही. इथे एक बाई भाकरी करते आहे.

ऐकणाऱ्यांना धक्का बसला असणार, हे मात्र खरं. वल्हांडणाला घराबाहेर काढायची वस्तू आणि तिची देवाच्या राज्याशी तुलना! यहुदी ज्यांना परके मानत त्या शोमरोनी लोकांपैकी एकाला येशूने गोष्टीचा नायक केलं तेव्हाही असाच धक्का बसला होता.

"परूश्यांचं खमीर" म्हणजे काय?

मार्क ८ वाचा. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी गट, येऊन चिन्ह मागतात, येशू खिन्न होऊन निघतो, आणि नावेत बसल्यावर शिष्यांना म्हणतो, परूश्यांच्या आणि हेरोदाच्या खमिराविषयी जपा. शिष्य आपसात कुजबुजतात: आपण भाकरी आणायला विसरलो म्हणून म्हणतोय! नावेत एकच भाकर होती. मग येशू त्यांना आकडे विचारतो. पाच हजारांना पाच भाकरी दिल्या तेव्हा किती टोपल्या उरल्या? बारा. चार हजारांना सात? सात पाट्या. अजून तुम्हाला समजत नाही का?

मार्क अर्थ सांगत नाही. मत्तय १६:१२ सांगतो की खमीर म्हणजे परूशी आणि सदूकी (दुसरा एक यहुदी गट) यांची शिकवण. लूक १२:१ सांगतो की ते ढोंग. दोन्ही उत्तरं एकमेकांना पूरक आहेत. बाहेरून भक्ती आणि आतून दुसरंच, हे एका माणसात थांबत नाही. घरात एक मोठा माणूस तसा असला की मुलं तेच शिकतात, आणि त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

एक सावधगिरी. "परूशी" हा शब्द आपण फार सहज शिवीसारखा वापरतो आणि त्यातून सगळ्या यहुद्यांनाच दोष लावतो. येशू परूश्यांच्या घरी जेवला. निकदेम परूशी होता. पौल तर प्रेषितांची कृत्ये २३:६ मध्ये, ख्रिस्ती झाल्यावरही, "मी परूशी आहे" असं म्हणतो. येशूने ही ताकीद परूश्यांच्या गर्दीला दिली नाही. नावेतल्या आपल्याच माणसांना दिली. ती आपल्यासाठी आहे.

आणि हेरोदाचं खमीर?

गालीलाचा शासक हेरोद अंतिपा याने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं उडवलं, तेही मेजवानीत दिलेल्या शब्दाची लाज राखण्यासाठी. लूक १३:३२ मध्ये येशू त्याला कोल्हा म्हणतो. सत्तेजवळ राहायची हाव आणि त्यासाठी खऱ्याकडे पाठ फिरवणं, हे ते खमीर.

पौल म्हणतो "जुनं खमीर काढून टाका". कुणाला आणि का?

करिंथच्या मंडळीला, इ.स. ५३ ते ५५ च्या सुमारास, इफिस शहरातून. त्या मंडळीत एक माणूस बापाच्या बायकोसोबत राहत होता आणि मंडळीला त्याचं दुःख नव्हतं. उलट ती फुशारकी मारत होती. पौल म्हणतो, थोडं खमीर सगळा गोळा फुगवतं हे तुम्हाला माहीत नाही का? पत्राच्या शेवटी (१६:८) तो पन्नासाव्या दिवसापर्यंत इफिसातच राहीन असं लिहितो, म्हणजे हे शब्द वल्हांडणाच्या आसपासचे असण्याचा बराच संभव आहे. यहुदी घरांत त्या दिवसांत खरोखरच खमीर शोधलं जात असणार.

१ करिंथ ५:७ हे वचन मला पवित्र शास्त्रातल्या सुंदर वचनांपैकी एक वाटतं. जुनं खमीर काढा म्हणजे तुम्ही नवा गोळा व्हाल, असं म्हणून पौल लगेच जोडतो: कारण तुम्ही बेखमीर आहातच. आहातच! वल्हांडणाचा कोकरा, ख्रिस्त, अर्पण होऊन गेला आहे. आता क्रम बघा. त्या काळी यहुदी घरात आधी खमीर काढत, मग कोकरा कापत. इथे कोकरा आधीच अर्पण झाला आहे आणि घर मात्र अजून झाडलेलं नाही. म्हणून पौलाची घाई. घर शुद्ध केलंत तर कोकरा मिळेल, असं तो म्हणत नाही. कोकरा मिळाला आहे, मग घर असं का?

विरजणाची साखळी इथे पुन्हा येते. जुनं खमीर म्हणजे आपण आधीच्या आयुष्यातून चालत आणलेला तो आंबट गोळा, जो रोजच्या नव्या पिठात आपण सवयीने कालवतो. कित्येकदा तो आपल्या आईवडिलांच्या आधीपासूनचा असतो: एखादं भांडण, जातीचा ताठा, भावकीतला जुना राग.

हाच वाक्प्रचार गलती ५:९ मध्येही आहे, पण तिथे विषय वेगळा. सुंता केल्याशिवाय तारण नाही असं सांगणारे लोक गलतियातल्या मंडळ्यांत शिरले होते. म्हणजे एका ठिकाणी ढिलाई हे खमीर आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नियमांचा जाच.

शेवटच्या भोजनात येशूने मोडलेली भाकर बेखमीर होती का?

मत्तय, मार्क आणि लूक यांच्यानुसार ते वल्हांडणाचं भोजन होतं, म्हणजे भाकर बेखमीर. योहान मात्र (१३:१ आणि १८:२८) ते भोजन वल्हांडणाच्या आधीचं असल्यासारखं सांगतो, म्हणजे भाकर रोजची, फुगलेली असू शकते. ग्रीकमधला आर्तोस हा शब्द दोन्हींसाठी चालतो, त्यामुळे त्यावरून निकाल लागत नाही.

या प्रश्नाने चर्च दुभंगायला हातभार लावला. लॅटिन म्हणजे पश्चिमेकडचं चर्च बेखमीर भाकर वापरत होतं, ग्रीक चर्च खमीर घातलेली. १०५३ मध्ये ओह्रिदचा आर्चबिशप लिओ याने बेखमीर भाकरीविरुद्ध पत्र लिहिलं. १०५४ मध्ये रोमचा प्रतिनिधी हंबर्ट आणि कॉन्स्टॅन्टिनोपलचा पॅट्रिआर्क, म्हणजे ग्रीक चर्चचा प्रमुख धर्मगुरू, मिखाएल केरुलारियोस यांनी एकमेकांना बहिष्कृत केलं. कारणं इतरही होती, पण भाकर त्यांत होती. १४३९ मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेने दोन्ही भाकरी ग्राह्य ठरवल्या, आणि १०५४ चे बहिष्कार ७ डिसेंबर १९६५ रोजी पोप पॉल सहावे आणि पॅट्रिआर्क अथेनागोरास यांनी मागे घेतले. आजही ऑर्थोडॉक्स मंडळ्या फुगलेली भाकर वापरतात, कारण ख्रिस्त जिवंत आहे, उठला आहे. रोमन कॅथलिक बेखमीर वापरतात, कारण तो निष्कलंक वल्हांडण आहे. आर्मेनियन चर्च पूर्वेकडचं असूनही बेखमीर वापरतं. दोन्ही बाजूंना एकाच प्रभूविषयी बोलायचं होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रभुभोजनासाठी आम्ही पोळी किंवा पाव वापरला तर चालेल का?

तुमच्या मंडळीचा नियम काय आहे त्यावर आहे. रोमन कॅथलिक लॅटिन विधीत भाकर फक्त गव्हाची आणि बेखमीर हवी. ग्लुटेन अजिबात नसलेला होस्ट (प्रभुभोजनाची पातळ चकती) चालत नाही, कमी ग्लुटेनचा चालतो. ज्यांना गव्हाचा त्रास आहे त्यांनी फादरना आधी सांगावं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये मोकळीक जास्त आहे. काही ठिकाणी वेफर, काही ठिकाणी पाव, आणि लहान गावांत पोळीचे तुकडे. पोळी गव्हाची आणि बेखमीर, म्हणजे वल्हांडणाच्या भाकरीच्या ती पावापेक्षा जवळच आहे.

मत्सावरच्या रेषा आणि छिद्रं म्हणजे ख्रिस्ताच्या जखमा, असं ऐकलं. खरं आहे का?

छिद्रं वाफ बाहेर पडावी आणि फुगवटा येऊ नये म्हणून पाडतात. आजची चौकोनी, रेषांची मत्सा यंत्राची आहे. पहिल्या शतकातली तशी दिसत नसे. ध्यान करताना तुम्हाला ते चित्र जवळचं वाटत असेल तर वाटू द्या, पण त्यावर सिद्धान्त उभा करू नका आणि यहुद्यांना त्यांच्या भाकरीचा अर्थ शिकवायला जाऊ नका.

ख्रिस्ती माणसाने वल्हांडणाच्या आठवड्यात इडली, ढोकळा, पाव टाळावा का?

नाही. कलस्सै २:१६ वाचा. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत तर पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी पाव घेऊन येतो, आणि त्या पावाचं पीठ पूर्वी माडाच्या सुरेने फुगवत. ते अन्न आहे, आभार मानून खावं.

संडे स्कूलच्या मुलांना हा दाखला कसा शिकवावा?

फळ्यावर नको. गव्हाचं पीठ आणि पाणी समसमान कालवून काचेच्या बरणीत ठेवा. रोज अर्धं काढून तेवढंच नवं पीठ-पाणी घाला. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत बुडबुडे येऊ लागतात आणि आंबूस वास सुटतो. थंडीत आठवडा धरा. शनिवारी संध्याकाळी दोन वाट्या पीठ मळा आणि त्याचे दोन सारखे गोळे करा. एकात बरणीतलं चमचाभर कालवा, दुसऱ्यात काही नको. दोन्ही गोळे एकसारख्या पातेल्यांत ठेवून झाका आणि कशात काय आहे ते मुलांना सांगू नका. मागच्या वर्षी एका लहान मुलीने पातेल्याला कान लावला आणि म्हणाली, "आत कुणीतरी आहे." सकाळी मुलं येऊन बसेपर्यंत झाकणं काढू नका.